आडवा बैल, उभे लोटे: कडं असलेल्या गॅलेक्सीमागे घालवलेला एक सीझन

पाडव्याच्या आदल्या रात्री, साडेबारा वाजत आले असतील, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, माझ्या तोंडावर थेट बॅटरीचा झोत आला आणि मागून आवाज, "कौन है उधर?" शेजारच्या कलमांच्या बागेतला नेपाळी राखणवाला. एप्रिल महिना, झाडावर तयार हापूस, आणि एक माणूस काळोखात चादर पांघरून जाड पाइपाशेजारी बसलाय, त्याच्या जागी मी असतो तर आधी दगड मारला असता आणि मग विचारलं असतं. मी म्हटलं फोटो काढतोय. "किसका?" आसमान का. त्याने बॅटरी वर आकाशात मारली, बघायला, खरंच आहे का तिथे काही. त्या नादात माझी तीन मिनिटांची फ्रेम गेली, ती फाइल अजून ठेवलीय मी, अर्धी पांढरीफटक.

तर मी काय काढत होतो ते सांगतो. दिवसा माझं पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे देवगड तालुक्यात, रात्री 8 इंची न्यूटनियन टेलिस्कोप. चंद्र, शनी, मृगातला तेजोमेघ हे सगळं करून झालं की माणसाला खाज सुटते काहीतरी वेगळं करायची, आणि मला सापडल्या पोलर रिंग गॅलेक्सी, मराठीत ध्रुवीय वलय असलेल्या दीर्घिका म्हणा. नाव ऐकून मला आधी वाटलं ध्रुवताऱ्याच्या बाजूला असतात म्हणून पोलर. तसं नाही. मधे एक नेहमीची गॅलेक्सी असते, बहुतेक वेळा लेंटिक्युलर जातीची, मसुराच्या दाण्यासारखी, म्हाताऱ्या पिवळट ताऱ्यांची, गॅस जवळपास संपलेली. आणि तिच्याभोवती एक कडं, पण शनीसारखं कमरेला नाही, तर तिच्या ध्रुवांवरून जाणारं, काटकोनात उभं. कड्यात गॅस, धूळ, निळे तरुण तारे. म्हणजे एकाच घरात दोन पिढ्या, आणि दोघांचं फिरणं वेगळ्या दिशेत.

यातली सगळ्यात प्रसिद्ध एनजीसी 4650ए (एनजीसी ही गॅलेक्सी-तेजोमेघांची जुनी यादी, तिच्या नंबरांवरून ही नावं). 1999 साली हबलने कशाचा फोटो काढावा यासाठी इंटरनेटवर लोकांची मतं घेतली होती त्यात ही निवडून आली. आपल्याकडून कोणी उमेदवार निवडून आणला की पाच वर्षं पश्चात्ताप करावा लागतो, ही निवड मात्र चांगली झाली. अंतर सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षं. आणि कोकणातल्या माणसासाठी खास गोष्ट म्हणजे ती दक्षिणेला आहे, आकाशाच्या विषुववृत्तापासून 40 अंश खाली, युरोपातल्या बहुतेक लोकांना दिसतच नाही. आपल्याकडे मात्र हस्त नक्षत्राच्या खाली आणि त्रिशंकूच्या वर, साधारण मधोमध. इथून ती जास्तीत जास्त 33 अंश वर येते.

पण सुरुवात मी तिथून नाही केली. सुरुवात केली एनजीसी 2685 पासून, हेलिक्स गॅलेक्सी म्हणतात तिला, सप्तर्षींच्या पुढे ते पाश्चात्त्य लोक जे अस्वल काढतात त्याच्या नाकाजवळ. ही त्यातल्या त्यात तेजस्वी, अकराव्या प्रतीच्या आसपास, आणि फेब्रुवारीत मध्यरात्री ऐन माथ्याच्या उत्तरेला. महाशिवरात्र म्हणजे अमावास्येच्या आदली रात्र, चंद्राची कटकट नाही, अख्खी वाडी कुणकेश्वराच्या जत्रेला गेलेली त्यामुळे अंगणातले दिवे बंद करा म्हणून कुणाच्या हातापाया पडायला नको, मला वाटलं झालंच काम.

झालं काय, तर ध्रुवताराच दिसेना. माउंट, म्हणजे टेलिस्कोप ताऱ्यांबरोबर फिरवणारा स्टँड, लावताना तो बघून सेट करायचा असतो, आणि आपल्याकडे तो 16 अंशांवर, म्हणजे आमच्या घराच्या उत्तरेला बरोब्बर माडांच्या शेंड्यामागे. पोलर रिंग बघायची आणि पोलर अलाइनमेंट नाही, असा विनोद. मग सॉफ्टवेअरने आकाशातल्या तीन ठिकाणचे फोटो घेऊन अक्ष किती चुकलाय ते काढायची पद्धत वापरली, ती कुठल्याही दिशेला चालते, पण त्यात रात्रीचा दीड तास गेला. त्यात दंव. आमच्याकडे फेब्रुवारीतलं दंव म्हणजे कौलावरून टपटप पाणी गळतं, पाऊस पडल्यासारखं. गाइड स्कोपची, म्हणजे ताऱ्यावर नेम धरून ठेवणाऱ्या छोट्या दुर्बिणीची काच, आतला छोटा आरसा, सगळं ओलं. ड्यू हीटर मी स्वतः बनवलाय, रेझिस्टर जोडून आणि जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून, दिसतो भयंकर, पण चालतो.

आधी डोळ्यांनी बघितली. तिरकी नजर करून, श्वास रोखून, एक बारीक राखाडी रेघ. भाताचं एक तूस काचेला चिकटल्यासारखं. कडं वगैरे काही नाही. 8 इंचातून डोळ्यांना कडं दिसतं असं कोणी सांगत असेल तर त्याला माझा नमस्कार.

कॅमेऱ्याने तीन-तीन मिनिटांच्या साठ फ्रेम्स घेतल्या, दोन रात्री मिळून, स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो केला, आणि मग त्या तुसावर आडव्या काळपट रेघा दिसायला लागल्या, धुळीचे पट्टे, सुतळीचे वेढे दिल्यासारखे, म्हणून हेलिक्स. बाहेर अगदी फिक्कट असा एक फेर, आहे म्हटलं तर आहे. मी तर नाचलो. पहाटे साडेचारला बायको उठून आली, तिला दाखवलं, तिने स्क्रीन पुसली.

इथे माझी पहिली मोठी समजूत चुकली. मला वाटलं मी पोलर रिंग पकडली, आता नुसता फोटो टाकायचा. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की हेलिक्सचं प्रकरण वाटतं तितकं सरळ नाहीच. इतकी वर्षं लोक तिला दोन वेगळी वलयं असलेली म्हणत होते, आणि 2009 मध्ये रेडिओ निरीक्षणांतून हायड्रोजन वायूचा वेग तपासला तेव्हा दिसलं की ते वेगळं कडं नसून एकच तबकडी आहे, पण भयंकर मुरगळलेली. पापड तळताना एका बाजूने वर येतो तशी. म्हणजे नुसत्या फोटोवरून मी जे छातीठोक सांगणार होतो ते वायूच्या वेगाच्या मोजणीने खोटं पाडलं.

आणि हे फक्त हेलिक्सचं नाही. 1990 मध्ये व्हिटमोर आणि मंडळींनी अशा गॅलेक्सींची यादी केली, 157 नोंदी. त्यातल्या तेव्हा वेग मोजून पक्क्या झालेल्या किती, तर 6. बाकीच्या "असेल बहुतेक", "असू शकेल" आणि "जवळपासची" अशा खात्यात. कारण फोटोत एकावर एक आडव्या-उभ्या दिसणाऱ्या दोन गॅलेक्सी प्रत्यक्षात मागे-पुढे असू शकतात, एकमेकींचा काही संबंध नसतो, एसटी स्टँडवर एका फ्रेममध्ये आलेल्या दोन माणसांसारखं. कडं हे कडं आहे हे ठरतं ते फिरण्यावरून. मधल्या गॅलेक्सीतले तारे एका दिशेत फिरतायत आणि कड्यातला गॅस त्याच्या काटकोनात, त्याच केंद्राभोवती, हे दाखवलं की मग पक्कं. 1983 मध्ये श्वाइझर, व्हिटमोर आणि व्हेरा रुबिन यांनी ए0136-0801 या गॅलेक्सीवर हे करून दाखवलं होतं. रुबिन म्हणजे त्याच, ज्यांच्या कामामुळे डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं द्रव्य, लोकांना गांभीर्याने घ्यावं लागलं.

मग माझं डोकं फिरलं की आपण फिरणं बघायचं. आता हे बोलायला सोपं. ढोबळ गणित करा, कड्याची त्रिज्या 30 हजार प्रकाशवर्षं धरा, वेग सेकंदाला 120 किमी, एक फेरी पूर्ण व्हायला 45-50 कोटी वर्षं लागतात. माझं दुकानाचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं असतं. म्हणजे फिरताना दिसणं सोडाच, वेग कळतो तो प्रकाशाच्या रंगावरून. आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्या बाजूचा लालकडे. हायड्रोजनची एक लाल रेघ असते 656.3 नॅनोमीटरला, 120 किमी वेगाने ती सरकते फक्त पाव नॅनोमीटर. माझ्याकडे टेलिस्कोपला लावायची साधी ग्रेटिंग आहे, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी काच, मिलिमीटरला 100 रेघांची, तिला पाच-दहा नॅनोमीटरच्या आत काय चाललंय ते कळत नाही. तराजू पोत्यांचा आणि तोलायचं केशर.

तरी 4650ए चा फोटो काढायचाच होता, म्हणून मार्चपासून तयारी. इथे कॅलेंडर आपल्या बाजूने नसतं बघा. शिमगा पौर्णिमेला, पालखी, रोंबाट, रात्रभर ढोल, सड्यावरसुद्धा फोकस. पाडवा मात्र अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याची आदली रात्र दरवर्षी काळोखी, आणि एप्रिलमध्ये पाडवा आला तर ही गॅलेक्सी साधारण मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने दक्षिणेला सगळ्यात वर. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. साधारण दहापासून तीनपर्यंत ती 23 अंशांच्या वर राहते, तेवढाच वेळ.

सडा निवडला कारण तिथे माड नाहीत, नुसता जांभा, दक्षिण मोकळी. माउंटचे तीन पाय कातळावर ठेवले की हलत नाहीत, ही कोकणची देणगी, घाटावरचे मित्र मातीत लाकडाच्या फळ्या पुरत बसतात. दिवसभर खारा वारा असतो, काढता पाय घ्यावासा वाटतो, पण रात्री दहाच्या सुमारास तो पडतो आणि जमिनीकडून मतलई सुरू होईपर्यंत मधे एक शांत पट्टा मिळतो, त्यात तारे कमी लुकलुकतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, बसून बसून कळलंय.

अडचण पश्चिमेची. समुद्रात एलईडीवाल्या बोटी. आठ-दहा बोटी एकदम दिवे लावतात तेव्हा क्षितिजावर गाव वसल्यासारखं दिसतं, आणि ढगाचा एक पातळ थर असला की त्याच्यावर तो उजेड पसरतो. मासेमारीचं त्याचं जे काय भांडण आहे ते आहेच, पारंपरिकवाले त्यावर बोलतात ते बरोबरच बोलतात, पण आकाशाची बाजू कोणी मांडत नाही म्हणून मी मांडून ठेवतो. एक वाजल्यानंतर माझी गॅलेक्सी त्याच उजेडाकडे कलायला लागली.

राखणवाला थांबला तासभर. कुत्रा माझ्या चादरीवर झोपला. राखणवाल्याला दुर्बिणीतून ओमेगा सेंटॉरी दाखवला, तो ताऱ्यांचा गोळा तिथून जवळच आहे, त्याने बघितलं, म्हणाला गावाकडे डोंगरात आकाश याच्यापेक्षा चांगलं दिसतं. असणारच. मग जाताना दोन आंबे देऊन गेला, कुणाच्या बागेतले ते मी विचारलं नाही.

52 फ्रेम्स घेतल्या, 38 वापरण्यासारख्या निघाल्या. बॅटरीवाली गेली, वाऱ्याच्या गेल्या, एकात तर गाइडिंग सुटून सगळ्या ताऱ्यांचे टॅडपोल झालेले. फ्लॅट्स, म्हणजे धुळीचे डाग आणि सावल्या फोटोतून काढायला लागणाऱ्या कोऱ्या फ्रेम्स, सकाळी घेतल्या, टेलिस्कोपच्या तोंडावर पांढरा पंचा ताणून, पाडव्याची गुढी उभारायची सोडून मी पंचा ताणतोय म्हणून आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

स्टॅक करून, ताणून, नॉइज मारून जे आलं ते पोस्टकार्डावर एक लहानसं फुलीचं चिन्ह काढावं इतकंच. मधे पिवळट ठिपका आडवा, आणि त्याला छेदून जाणारी एक निळसर धूसर पट्टी, टोकांना किंचित वळलेली. शेजारी सहा मिनिटांच्या अंतरावर, म्हणजे कोनाच्या मिनिटांच्या, एका अंशात अशी साठ, एनजीसी 4650 ही मोठी दांडीवाली सर्पिल गॅलेक्सी छान आली, तिच्यामुळेच आमच्या बाईंच्या नावाला "ए" चिकटलंय. हबलच्या फोटोशेजारी माझा ठेवला तर तुम्ही हसाल. मी ठेवत नाही.

हा फोटो मी काकांना दाखवला, वय ऐंशीच्या पुढे, मालवणीशिवाय बोलत नाहीत. मी समजावत होतो की मधलं एका दिशेत फिरतं, कडं दुसऱ्या, तर ते मधेच म्हणाले, "ह्यो तर रहाट मरे! बैल आडवो फिरता, लोटे उबे फिरतत."

मी गप्पच झालो. आमच्या जुन्या विहिरीवर रहाट होता, मी अगदी लहानपणी शेवटचा बघितलेला, बैल गोल गोल फिरतो जमिनीवर, आणि चाकावरची लोट्यांची माळ विहिरीत उभी फिरते. एका बाजूने लोटे भरून वर, दुसऱ्या बाजूने रिकामे खाली. कड्याचं तेच, एक बाजू आपल्याकडे, एक बाजू लांब. इतके महिने मी इंग्रजी पेपर वाचून जे कुणाला समजावू शकत नव्हतो ते विहिरीवर पडलेलं होतं, आणि गंमत म्हणजे तो रहाट काढून तिथे पंप बसवला तो माझ्याच वडिलांनी. फरक एवढाच की रहाटाला मधे दाते असतात, बैलाची गती लोट्यांना मिळते. गॅलेक्सीत दाते नाहीत. दोघांना एकच गुरुत्वाकर्षण धरून ठेवतं, बाकी त्यांचा एकमेकांशी गियर जुळलेला नाही. काकांनी विचारलं मग तो उभा कसा राहतो, पडत कसा नाही. प्रश्न एक नंबर.

त्याचं उत्तर मला जेवढं कळलंय ते असं. मधली गॅलेक्सी चपटी आहे, त्यामुळे तिरक्या कक्षेला ती सतत पिळते, भोवरा कलला की डोकं गरगर हलवतो तशी कक्षा हळूहळू घुमत राहते. आतल्या कक्षा लवकर घुमतात, बाहेरच्या सावकाश, मग तिरकं कडं असेल तर त्याचे वेढे एकमेकांत अडकतात, गॅसचे ढग आपटतात, आणि ते कडं विस्कटून शेवटी कमरेच्या पातळीत बसतं. पण कडं जवळपास 90 अंशांत असेल तर हे घुमणं जवळजवळ शून्य होतं. म्हणून उभं कडं टिकतं, अब्जावधी वर्षं. तिरकी किती झाली आणि मोडली हे आपल्याला कधी दिसणार नाही, आपण बघतो ती तगलेली.

आणि आलं कुठून एवढं सामान? एक मत असं की शेजारून जाणाऱ्या गॅलेक्सीचा गॅस ओढून घेतला. दुसरं, दोन गॅलेक्सी काटकोनात धडकून एक झाल्या. तिसरं म्हणजे बाहेरच्या पोकळीतून थंड गॅस धाग्यासारखा येऊन भरत गेला. 4650ए च्या बाबतीत तिसऱ्याकडे बऱ्याच जणांचा कल दिसतो, कारण तिथे जे उभं आहे ते पोकळ कडं नसून मधल्यापर्यंत भरलेली तबकडी आहे. मला स्वतःला पहिलं मत आवडतं, उगाच, पुरावा काही नाही, शेजाऱ्याचं पाणी ओढणं मला ओळखीचं वाटतं, रोज तक्रारी ऐकतो दुकानात.

पावसाळ्यात दुकान थंड असतं. तेव्हा मी फिरणं बघितलं, दुसऱ्यांच्या डेटामध्ये. स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीचा मांगा म्हणून प्रकल्प आहे, दहा हजारांच्या आसपास गॅलेक्सी, एकेका गॅलेक्सीवर फायबरचा जुडगा ठेवून ठिकठिकाणचा वर्णपट घेतलाय, सगळं फुकट उघडं. वेबसाइटवर एका गॅलेक्सीचे दोन नकाशे शेजारी उघडले, एक ताऱ्यांच्या वेगाचा, एक गॅसच्या वेगाचा. ताऱ्यांच्या नकाशात डावी बाजू निळी, उजवी लाल. गॅसच्या नकाशात वर निळं, खाली लाल. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, लॅपटॉप रिक्षाच्या बॅटरीवर, आणि स्क्रीनवर बैल आणि लोटे. हे सगळ्या सीझनमध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेलं, आणि यात माझा स्वतःचा एक फोटॉनसुद्धा नाही.

काही कडी तर फोटोत येतच नाहीत. कन्या राशीतली एनजीसी 4632 साधी सर्पिल दिसते, पण 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणीने तिच्याभोवती हायड्रोजनचं उभं कडं असावं असं दाखवलं, 21 सेंटिमीटरच्या लहरींत. आमच्या ग्रुपने फेब्रुवारीत विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघितली होती, 45 मीटरच्या 30 तबकड्या, तेव्हा मी तिथे वडापावच्या रांगेत जास्त वेळ घालवला. आता जाईन तेव्हा नीट विचारीन.

सध्या आरसा कपाटात आहे, शेजारी 15 वॅटचा बल्ब चोवीस तास लावून, नाहीतर बुरशी धरते, मागच्या वर्षी एका आयपीसची काच त्यातच गेली. त्याच कपाटात आईने कुळथाचं पीठ आणि सोलं ठेवलीयत, सुकी राहतात म्हणून. ऑक्टोबरात पाऊस गेला की मीन राशीतली एनजीसी 660, तिचं कडं पूर्ण उभं नाही, बरंच तिरकं आहे, म्हणजे वर सांगितलेल्या हिशोबाने ते टिकायलाच नको. काकांना सांगितलंय. ते म्हणाले रहाट कललो असात तर आधी खांब बघ.